निळी डिस्क आणि आशाबाईंचा प्लॉट

मुकुंदवाडीत ‘कॅसेटवाले अप्पाराव’ म्हटलं की लोक आजही स्टेशनकडच्या रस्त्याला बोट दाखवतात. दुकानात कॅसेट औषधालाही सापडणार नाही. मोबाईलची कव्हरं, चार्जर, फोनवर चिकटवायच्या काचा, रिचार्ज, असला सगळा माल. पण नाव चिकटलं ते चिकटलं. अप्पाराव ठोंबरे माणूस वाईट नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. दारू नाही, पत्ते नाहीत, कुणाच्या अध्यात ना मध्यात. बायकोच्या आयुष्याचं त्यांनी जे मातेरं केलं तेसुद्धा सरळ मनाने, तिच्याच भल्यासाठी म्हणून केलं. अशा माणसाला धड शिव्याही देता येत नाहीत, हीच खरी पंचाईत आहे.

तरुणपणी त्यांनी व्हिडिओ कॅसेटची लायब्ररी काढली तेव्हा मुकुंदवाडी म्हणजे अर्धी शेतं आणि अर्धी पत्र्याची घरं होती. लग्नाच्या, बारशाच्या घरी टीव्ही आणि व्हीसीआर भाड्याने न्यायला लोक आधी नंबर लावून ठेवत. मग सीडी आली आणि भिंतभर कॅसेटींचा एका उन्हाळ्यात कचरा झाला. भंगारवाल्याने एक उचलून हलवून बघितली आणि म्हणाला, फुकट दिल्या तरी न्यायला परवडत नाय. अप्पारावांनी सीड्यांनी भिंत भरली, तर डीव्हीडी आली. एका डिस्कमध्ये चार-चार सिनेमे मिळायला लागल्यावर मध्यंतराला उठून सीडी बदलायला कोण बसलंय? पुन्हा सगळा माल बाद. दरवेळी नवी वस्तू आली की मशीनवाला कमवी, डिस्क छापणारा कमवी, टीव्हीवाला कमवी, आणि दुकानदार तेवढा नागवला जाई. ही गोष्ट अप्पारावांच्या मनाला फार लागून राहिली होती. लागण्यासारखी होतीच.

डिस्कवर मात्र त्यांचा खरा जीव. गिऱ्हाइकाने आणून टाकलेली डिस्क ते भोकात बोट आणि काठाला अंगठा लावून उचलत, ट्यूबलाइटखाली तिरकी धरत आणि ती कुणाच्या घरी फरशीवर घासली ते न विचारता सांगत. ओरखडा असला तर बोटाच्या टोकावर टूथपेस्ट घ्यायची आणि जुन्या बनियनच्या तुकड्याने पुसायची, तीही मधून काठाकडे. गोल गोल पुसणाऱ्याला ते दुकानात उभं करत नसत. एकदा सख्ख्या मेहुण्याला त्यांनी त्यावरून हाकललं होतं.

दुकानाच्या दुसऱ्या टोकाला आशाबाई बसत, त्यांच्या पत्नी. त्यांच्यापुढे एक सेकंडहँड कॉम्प्युटर होता आणि त्यावरून त्या लोकांच्या मोबाईलची मेमरी कार्डं भरून देत. चिकलठाण्याच्या कंपन्यांची शिफ्ट सुटली की कामगार खिशातून नखाएवढं कार्ड काढून पुढे ठेवत, “मावशी, फुल भरा,” म्हणत आणि समोर चहा पिऊन येईपर्यंत त्यात गाणी, कव्वाल्या, सिनेमे, कीर्तनं, सगळं जाऊन बसलेलं असे. अप्पाराव या प्रकाराला ‘चिल्लर धंदा’ म्हणत. घरातलं दूध, किराणा, लेकीची फी या चिल्लरीतून निघत होती, हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. कळून घ्यायचं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं.

आणि प्लॉट होता. चिकलठाण्याच्या अंगाला गुंठेवारीतला दीड गुंठा, भावांच्या वाटणीत अप्पारावांकडे आलेला. ठोंबरे कुटुंब दुकानामागच्या भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचं. घरमालकीण दिवसभर वरून ओरडायची, दारात पाणी सांडू नका, गच्चीत पापड घालू नका, पाहुणे अजून किती दिवस हायत? आशाबाई ऐकून घेत आणि सुट्टीच्या दिवशी प्लॉटवर जाऊन बसत. तिथे त्यांनी दगड मांडून ठेवले होते. हे स्वयंपाकघर, हा ओटा, हा आपला नळ. त्यांना दुसरं काही नको होतं. सोन्याचं नाव त्यांनी कधी काढलं नाही. आपल्या दारात आपण पाणी सांडावं आणि कुणी हूं की चूं करू नये, एवढंच त्यांना हवं होतं आणि नवऱ्याला ते पक्कं ठाऊक होतं.

अशात एके दिवशी मोईनने बातमी आणली. मोईन चिकलठाण्याच्या एका कारखान्यात डिस्क प्लेअर तपासायच्या टेबलावर कामाला होता आणि अप्पारावांचं जुनं गिऱ्हाईक.

“भाऊ, नयी डिस्क आ रही,” तो म्हणाला. “निळ्या उजेडाची. चित्र असं की हिरोच्या दाढीचे केस मोजून घ्या. दोन पार्ट्या हायत, दोघींची डिस्क वेगळी, झगडा चालू हाय. पन जिंकनार निळीच. आमच्याकडं सँपल मशिनी आल्यात.”

“मंजे माझा माल परत बाद?”

“वो तो हैच,” मोईनने खांदे उडवले. “पन मशीनच्या आत चिप कुनाची हाय, माहीत का? अक्षांशची. बंगलोरची कंपनी. डिस्कवरचं वाचून त्याचं चित्र करायचं काम त्या चिपचं. तिच्याबिगर मशीन मंजे निस्ता डब्बा.”

अप्पारावांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. कॅसेट जाते, सीडी येते, सीडी जाते, डीव्हीडी येते. प्रत्येक वेळी मरतो दुकानदार आणि प्रत्येक नव्या मशीनमध्ये बसते ती चिप. मग आपण चिपवाल्याच्या बाजूला का उभं राहू नये? त्यांनी गुलमंडी गाठली. तिथे एका कापडदुकानाच्या माडीवर शेअर दलालाचं ऑफिस होतं. अक्षांशचा शेअर बाजारात होता आणि स्वस्तही होता. दलाल म्हणाला, घ्या थोडे. थोडे घेऊन आयुष्यात कुणाचं भलं झालं नाही, असं अप्पारावांचं मत होतं, आणि पुष्कळ घ्यायला त्यांच्याकडे एकच वस्तू होती.

“नका ना इकू,” आशाबाई म्हणाल्या. “तेवढंच हाय आपल्याकडं.”

“अगं, निस्त्या मातीला घिऊन काय करती? बांधायला पैसा कुठंय? दोन वरीस कळ काढ. निळी डिस्क घरोघरी गेली की तोच प्लॉट वापस घिऊ, वर बांधू बी. खाली दोन खोल्या, वर दोन.”

बांधायला पैसा नव्हता, हे खोटं नव्हतं. त्या चिल्लरीतून दूध निघत होतं, विटा निघत नव्हत्या. आशाबाईंनी रजिस्ट्री ऑफिसात अंगठ्याशेजारी संमतीची सही केली आणि बाहेर येऊन पदराने डोळे पुसले. प्लॉट घेतला मोईननेच. कारखान्याजवळ जागा तो बरेच दिवस शोधत होता. शेअर घ्यायला त्याच्याकडे मग काही उरलं नाही.

निळी डिस्क जिंकली. अप्पारावांचा अंदाज शंभर टक्के खरा ठरला, हे त्यांच्या पदरात टाकलंच पाहिजे. समोरच्या पार्टीने हात टेकले आणि अक्षांशचा शेअर बघता बघता दुप्पट झाला. अप्पारावांनी गल्लीत पेढे वाटले, घरमालकिणीलासुद्धा दिला. दलालाचा फोन आला, अर्धे काढून टाका. आशाबाईंनी तर मोईनला विचारूनही ठेवलं होतं. त्याने अजून वीटही लावली नव्हती आणि तो प्लॉट परत द्यायला तयार होता.

“घिऊन टाका ना,” त्या म्हणाल्या. “आता पुरतंय तेवढं.”

“आत्ता तर कुठं सुरुवात हाय. घरोघरी मशीन जाऊ दे, मग बघ.”

घरोघरी मशीन काही गेलं नाही. कसं जाणार? एका निळ्या डिस्कच्या किमतीत आशाबाईंच्या टेबलावर कितीतरी महिने कार्ड भरून मिळत होतं. हिरोच्या दाढीचे केस मोजायची मुकुंदवाडीत कुणाला घाई नव्हती. शिफ्टच्या बसमध्ये तळहाताएवढ्या पडद्यावर हिरो दिसला तरी लोकांचं भागत होतं. हे कळायला बंगलोरला जायची गरज नव्हती. त्या दुकानाची रुंदी ती केवढी! अप्पारावांनी नुसती मान वळवली असती तरी पुरलं असतं. बायकोपुढे गर्दी आणि आपल्यापुढे माश्या, हे पाहून दुसरा माणूस काहीतरी समजला असता. अप्पाराव डिस्क पुसत राहिले.

शेअर हळूहळू खाली बसला. आणि एका सकाळी पेपरात आतल्या पानावर चार ओळी आल्या की अक्षांश कंपनी डिस्कच्या चिपा बंद करून यापुढे मेमरी कार्डाच्या आणि मोबाईलच्या चिपा करणार.

अप्पाराव संतापाने लाल झाले. “बेइमान साले! ज्या डिस्कनं मोठं केलं तिलाच लाथ घालतेत? आन कशापायी, तर ह्या कार्डापायी!” त्यांनी बायकोच्या टेबलावरचं गिऱ्हाइकाचं कार्ड उचलून भिंतीवर मारलं.

आशाबाईंनी ते वाकून शोधलं, फुंकर मारली आणि परत टेबलावर ठेवलं. “त्यांना परवडत नसंल. तुमी कशाला तापता? राहू द्या शेअर पडून.”

“बेइमानाच्या घरात माझा पैसा नको मला!”

त्याच दुपारी ते गुलमंडीला गेले आणि होते नव्हते ते सगळे शेअर विकून आले. दलाल चक्रावला होता. तो म्हणाला, काका, कंपनी डिस्क सोडतेय म्हणून लोक शेअर घेतायत आणि तुम्ही म्हणूनच विकताय? अप्पारावांनी त्याचं ऐकून घेतलं नाही. आले ते सगळे पैसे घालून त्यांनी मुंबईच्या व्यापाऱ्याकडून एक मशीन आणि पेटीभर निळ्या डिस्क मागवल्या. डिस्क मरत नाही, हे त्यांना अख्ख्या मुकुंदवाडीला दाखवून द्यायचं होतं.

घरी मात्र सांगितलं की व्यापाऱ्याने माल असाच ठेवायला दिलाय. शेअर विकल्याचं सांगितलं नाही. पहिल्या दिवशी तिला वाईट वाटेल म्हणून, दुसऱ्या दिवशी पहिल्या दिवशी सांगितलं नाही म्हणून, आणि मग सांगायचं राहूनच गेलं. निळ्या डिस्क फार तर एका दातांच्या डॉक्टरने नेल्या, त्याही बघून परत केल्या. काही वर्षांनी पुतण्याने उरलेल्या सगळ्या गोणीत भरून नेल्या आणि डाळिंबाच्या बागेत पाखरं हाकायला दोरीला टांगल्या. त्या कामाला त्या चांगल्या होत्या, असं तो सांगतो.

आणि अक्षांश? अक्षांशची भरभराट झाली. फोन हातोहाती झाले, पुढे तर देशभर ज्याच्या त्याच्या तोंडी चिप हाच शब्द झाला. अप्पाराव रोज सकाळी दात घासायच्या आधी फोनवर तो भाव बघतात. आपण विकलेला शेअर पडावा म्हणून त्यांनी एकदा शहरालगतच्या सातारा डोंगराखालच्या खंडोबाला नारळ फोडला. देव तरी कुणाकुणाचं ऐकणार? भाव चढतच राहिला. दुसऱ्याच्या घरी चाललेलं लग्न खिडकीतून पाहावं, तसे ते त्या आकड्याकडे पाहत. खिडकीवरून हटताही येत नव्हतं.

गेल्या वर्षी पावसाळ्यानंतर पेपरात अक्षांशची मोठी बातमी आली, या वेळी पहिल्या पानावर, फोटोसकट. आशाबाईंनी चष्मा लावला आणि बातमी दोनदा वाचली.

“अहो, ही आपलीच ना? अक्षांश?”

अप्पाराव चार्जरची वायर गुंडाळत होते.

“शेअर हायत ना आपले?”

खरं सांगायला एवढी चांगली वेळ पुन्हा येणार नव्हती. बाई साठीला टेकलेली, शांत बसलेली, दुकानात तिसरं कुणी नाही. काय केलं असतं तिने? रडली असती, दोन दिवस जेवली नसती. पण अप्पारावांनी वायरीचं वेटोळं केलं, त्याला रबर लावलं आणि म्हणाले, “हायत.”

“मग इका की थोडे.”

“बघू दिवाळीनंतर.”

आशाबाईंनी पुढे विचारलं नाही. पण बाईच्या चालण्यात फरक पडला. घरमालकिणीची सून आता वरून ओरडायची, तर त्या खाली हसायच्या. जालन्याला दिलेल्या लेकीशी, श्रेयाशी, हळू आवाजात फोन व्हायचे आणि अप्पाराव आले की बंद व्हायचे. अप्पारावांना ते हसू दिसत होतं. रोज सकाळी आज सांगू म्हणत आणि रोज काहीतरी गिऱ्हाईक येई.

दिवाळी झाल्यावरच्या रविवारी आशाबाईंनी ठेवणीतलं लुगडं नेसलं आणि नवऱ्याला रिक्षात घातलं. कुठं जायचं ते सांगितलं नाही. जालना रोडने रिक्षा चिकलठाण्याला वळली तेव्हा अप्पारावांना कुठं चाललोय ते कळलं.

मोईनने अर्ध्या प्लॉटवर दोन खोल्या बांधल्या होत्या. उरलेला अर्धा तसाच मोकळा होता, तिथे एक शेळी बांधलेली. कारखाना बंद पडून जमाना झाला होता. मोईन आता पाण्याचे जार पोचवायचा आणि दाढी पांढरी झाली होती. त्याने अप्पारावांना मिठी मारली. त्याची सून अरफा चहा आणि चिवडा ठेवून गेली.

“भाभीनं मागल्या महिन्यात ह्या मोकळ्या अर्ध्याचा इसार दिला,” मोईन म्हणाला. “सौदा पक्का करून गेल्या. म्हनल्या, भाऊला आत्ता बोलू नका, एकदम दाखवते. बाजारात मला डब्बल भाव हाय, पन जागा मूळची तुमची. मैंने सोचा, आधी हक तुमचा.”

इसाराचे पैसे आशाबाईंनी स्वतःच्या साठवणीतले दिले होते. त्या चहाला थांबल्याच नाहीत. शेळीला चुचकारून बाजूला केलं आणि मोकळ्या जागेत उभ्या राहिल्या.

“इथं ओटा. आन नळ ह्या अंगाला, मंजे सांडलेलं पाणी झाडाला जाईल,” त्या बोलत सुटल्या. या बाईला एवढं बोलताना अप्पारावांनी लग्नानंतर पाहिलं नव्हतं. “वरच्या खोल्या मागनं. आता फक्त शेअर कवा इकता ते सांगा. मोईनभाऊंना तारीख द्यावी लागंल.”

अप्पारावांनी इकडेतिकडे पाहिलं. “तोंड पश्चिमेला हाय जागेचं,” ते म्हणाले.

“तवा बी पश्चिमेलाच व्हतं की.”

“रस्ता अरुंद हाय.”

“आत्ता रिक्षा आली न्हवं का?”

“विमानाचा लई आवाज येतो इथं.”

“घ्या! विमानं काय आज उडाय लागली?” आशाबाई हसल्या. मोईनही हसला. अप्पाराव हसले नाहीत. ते शेळीची सुटलेली दोरी हातात घेऊन तिचं वेटोळं करत होते.

आशाबाईंचं हसू तोंडावर तसंच राहिलं, पण डोळ्यांतून गेलं. त्या नवऱ्याच्या हाताकडे बघत राहिल्या. चाळीस वर्षांच्या संसारात नवरा खोटं बोलताना कसा दिसतो हे बायकोला शिकवावं लागत नाही. एवढी वर्षं तिने तिकडे बघितलं नव्हतं इतकंच. त्या चार पावलं परत आल्या आणि पदर सारखा केला.

“मोईनभाऊ,” त्या म्हणाल्या, “ह्यांना जागा पसंत नाय. तुमी दुसरं गिऱ्हाईक बघा.”

“अरे, ये क्या बात हुई?” मोईन चिडला, आणि चिडला तो अप्पारावांवर. “भाऊ, भाभीचा जीव अडकलाय इथं. तोंड पश्चिमेला हाय म्हनून कुनी घर सोडतं का? पैशाची घाई नाही मला. साल-दो साल थांबतो.”

“मोईन, तसं नाय रे,” अप्पाराव म्हणाले. “खरं सांगायचं तर…”

“काय सांगायचं नाय,” आशाबाई म्हणाल्या. “पसंत नाय मंजे नाय. माणसाला एखादी गोष्ट पसंत नसती.”

मोईनने आत जाऊन इसार आणला. सौदा मोडणाऱ्याचा इसार बुडतो हा रिवाज त्यालाही ठाऊक होता, पण त्याने तो आशाबाईंच्या हातात कोंबला आणि अप्पारावांकडे न पाहता शेळी पुन्हा खुंट्याला बांधली.

परतताना रिक्षात श्रेयाचा फोन आला. आशाबाई म्हणाल्या, “नाय गं, बाबांना जागा पसंत नाय पडली.” मग फोन नवऱ्याच्या हातात दिला. लेक पलीकडून बोलत होती, बाबा, आईनं आयुष्यात तुमच्याकडं एकच गोष्ट मागितली, आता पैसा असून तुम्ही असं कसं करता? अप्पाराव हं हं करत राहिले. फोन संपल्यावर ते बायकोकडे वळले.

“आशे, माझं ऐक. ते शेअर मी…”

“जागा पसंत नाय म्हणालात ना?” आशाबाई रस्त्याकडे बघत म्हणाल्या. “मग तेच म्हणायचं. लेकीला तेच, जावयाला तेच, मरेस्तवर तेच. मला दुसरं काय ऐकायचं नाय.”

तेव्हापासून अप्पाराव तेच म्हणतात. संक्रांतीला भाऊ आले, उन्हाळ्यात जावई आला, सगळ्यांनी विचारलं आणि सगळ्यांनी त्यांना वेड्यात काढलं. शेअर आहेत, पैसा आहे, आणि हा माणूस दिशेवरून अडून बसलाय, बायकोच्या जिवाची याला काडीची पर्वा नाही. अप्पाराव खाली मान घालून म्हणतात, जागेचं तोंड पश्चिमेला होतं. शेजारी आशाबाई गवारीच्या शेंगा मोडत बसलेल्या असतात.

“व्हय,” त्या म्हणतात, “पश्चिमेलाच व्हतं.”